टोपणनावाआडची माणसे

मासिक हाती पडले म्हणजे पुष्कळ वाचक आधी आपले नेहमीचे सदर शोधतात. कथा, कविता, संपादकीय हे सारे मागाहून. ते सदर लिहिणारा कोण, त्याचे खरे नाव काय, पोटासाठी तो काय करतो, हे बहुधा ठाऊक नसते. तरीही तो घरचा वाटतो. एखाद्या महिन्यात त्याचे पान नसले की चुकल्याचुकल्यासारखे होते.

अशी सदरे लिहिणाऱ्या काही माणसांची हकिकत आज सांगायची आहे. ही मंडळी लंडनची, आणि काळ दोनशे वर्षांपूर्वीचा. १८२० सालच्या जानेवारीत तिथे ‘लंडन मॅगझीन’ नावाचे मासिक निघाले. किंमत अडीच शिलिंग. १८२९ साली ते बंदही पडले. दहा वर्षेसुद्धा धड जगले नाही, आणि त्यातली पहिली चारपाच वर्षेच काय ती भरभराटीची. पण तेवढ्या अवधीत त्याच्या पानांवर जी माणसे एकत्र आली, तशी पुन्हा कुठल्या एका मासिकात आली असतील की नाही, याची मला शंकाच आहे.

हा विषय निवडण्याचे कारण घडले ते आमच्या वर्गात. चार्ल्स लॅम्बचा एक निबंध मी शिकवीत होतो. लॅम्बने तो ‘एलिया’ या टोपणनावाने लिहिला, असे सांगितले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा तो, फारसा बोलत नाही. म्हणाला, “सर, खरेच सांगायचे होते तर खोटे नाव कशाला?” मी काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र प्रश्न डोक्यातून जाईना.

आधी संपादकाचे सांगतो. जॉन स्कॉट हा स्कॉटलंडातल्या ॲबर्डीनचा. पूर्वी ‘चॅम्पियन’ नावाचे पत्र त्याने चालवले होते. माणूस हुशार, रसिक, आणि लेखकांना हेरून त्यांच्याकडून लिहवून घेण्यात पटाईत. विल्यम हॅझलिटला त्याने ‘टेबल-टॉक’ हे सदर दिले, लॅम्बला आत ओढले, चित्रकलेवर लिहायला एक तरुण चित्रकार मिळवला. मासिकाला रंग चढू लागला.

त्याच वेळी एडिंबरोहून ‘ब्लॅकवुड्स मॅगझीन’ हे दुसरे मासिक निघत असे. ते खपायचे खूप, आणि त्याची खुमारी होती चिखलफेकीत. लंडनच्या काही लेखकांना त्याने ‘कॉकनी’ म्हणजे गल्लीतले कवी ठरवले आणि १८१७ पासून त्यांची यथेच्छ निंदा चालवली. हॅझलिटला शिव्या, कीट्सला शिव्या. कीट्स वैद्यकीचे शिक्षण सोडून कवितेकडे वळला होता. त्याला औषधांच्या दुकानात परत जाण्याचा सल्ला या मासिकाने छापून दिला. हे लेख निनावी किंवा खोट्या सहीचे असत. मागे कोण आहे हे जाणत्यांना कळे, पण कायद्याच्या किंवा सभ्यतेच्या कचाट्यात कुणी सापडत नसे.

स्कॉटला हे सहन होईना. १८२०च्या अखेरीस आणि १८२१च्या जानेवारीत त्याने ‘ब्लॅकवुड्स’वर लागोपाठ लेख लिहिले आणि त्यामागे जॉन लॉकहार्ट आहे असे उघड म्हटले. हा लॉकहार्ट म्हणजे कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटचा जावई. आपल्या संपादकाचे आडनावही स्कॉट, पण दोघांचे नाते काही नाही. लॉकहार्टने जाब विचारला. स्कॉटचे म्हणणे एवढेच, की ‘त्या मासिकाच्या संपादनाशी माझा संबंध नाही’ असे आधी सांगा, मग पुढचे बोलू. इथून निवेदनांचा खेळ सुरू झाला. लॉकहार्टने स्कॉटकडे पाठवलेल्या मजकुरात ते वाक्य नव्हते. लोकांसाठी छापलेल्या मजकुरात मात्र होते. कुणी कुणाला फसवले यावर पत्रकबाजी झाली, आणि लॉकहार्टचा मित्र क्रिस्टी याने असे काही झोंबणारे छापले की स्कॉटने त्यालाच द्वंद्वाचे आव्हान दिले.

१६ फेब्रुवारी १८२१. रात्री नऊच्या सुमारास लंडनबाहेर चॉक फार्म या ठिकाणी, चांदण्यात, दोघे पिस्तुले घेऊन उभे राहिले. द्वंद्वात प्रत्येकाचा एक पाठीराखा असतो. गोळीबाराच्या पहिल्या फेरीनंतर भांडण मिटवणे हे त्याचे काम. पहिल्या वेळी क्रिस्टीने मुद्दाम नेम न धरता बाजूला गोळी झाडली. तिथेच सारे संपायला हवे होते. पण हे स्कॉटपर्यंत नीट पोचलेच नाही. पाठीराख्यांचा गोंधळ झाला, पिस्तुले पुन्हा भरली गेली, आणि दुसऱ्या गोळीने स्कॉट कोसळला. २७ फेब्रुवारीला तो गेला. वय छत्तीस. मागे बायको आणि दोन मुले. क्रिस्टी आणि त्याचा पाठीराखा यांच्यावर खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. स्कॉटच्या मृत्यूच्या चारच दिवस आधी रोममध्ये कीट्सही क्षयाने मरण पावला होता.

म्हणजे बघा, एका माणसाने एवढेच विचारले की ‘या निनावी लेखामागे कोण आहे?’ आणि त्यात त्याचा जीव गेला. लॉकहार्टचे फारसे काही बिघडले नाही. तो पुढे ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’ या वजनदार नियतकालिकाचा संपादक झाला आणि त्या खुर्चीवर १८५३ पर्यंत बसला.

आता त्याच महिन्यांत, त्याच शहरात, दुसरा एक माणूस नावाआड लपून काय करीत होता ते पाहू.

चार्ल्स लॅम्ब हा ईस्ट इंडिया कंपनीचा कारकून. होय, तीच आपल्या परिचयाची कंपनी! लंडनला लेडनहॉल स्ट्रीटवर तिची भली थोरली कचेरी होती. १७९२ साली सतरा वर्षांचा लॅम्ब तिथल्या हिशेबखात्यात चिकटला आणि चहा, नीळ असल्या मालाच्या विक्रीचे आकडे तेहेतीस वर्षे खतावणीत भरत बसला. १८१८ साली इकडे पेशवाई बुडाली, तेव्हाही तो तिकडे खर्डेघाशीच करीत होता. बोलताना अडखळायचा, अंगाने किरकोळ, आणि कोट्या करण्यात मात्र कुणाला हार न जाणारा.

या गमत्या कारकुनाच्या घरात काय होते? २२ सप्टेंबर १७९६ रोजी त्याची थोरली बहीण मेरी हिला वेडाचा झटका आला. शिवणकाम करून आणि अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा करून ती खचली होती. त्या झटक्यात तिने टेबलावरची सुरी उचलली आणि आईचा प्राण घेतला. लॅम्बने तिच्या हातातून सुरी काढून घेतली. तो तेव्हा एकवीस वर्षांचा. मेरीला जन्मभर वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे असे काहींचे मत होते. त्याने तिची सगळी जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली आणि पुढे तिला घरी आणले. त्याने लग्न केले नाही. बरी असली म्हणजे मेरी अतिशय शहाणी, प्रेमळ बाई. शेक्सपिअरच्या नाटकांच्या मुलांसाठी सांगितलेल्या गोष्टी, ज्या आपल्या कित्येक शिक्षकांनी शाळेत वाचल्या असतील, त्या या बहीणभावांनी मिळून लिहिल्या. १८०७ साली त्या निघाल्या आणि त्यातल्या बहुतेक मेरीच्याच आहेत. पण वर्षादोन वर्षांनी झटका येई. तो येणार असे वाटू लागले की दोघे हातात हात घालून, रडत, इस्पितळाची वाट चालू लागत. त्यांना असे जाताना पाहिलेल्या स्नेह्याने ते सांगून ठेवले आहे.

पंचेचाळीस वर्षांचा होईपर्यंत लॅम्बने कविता, नाटक, कादंबरी असे पुष्कळ करून पाहिले. नाव असे झाले नव्हते. ऑगस्ट १८२० मध्ये ‘लंडन मॅगझीन’मध्ये त्याचा पहिला एलिया-निबंध आला. विषय होता ‘साउथ सी हाउस’ ही एक जुनी, मोडकळीला आलेली कचेरी. पोरवयात त्याने तिथे थोडे महिने काम केले होते. अडचण अशी, की थोरला भाऊ अजून तिथेच नोकरीला होता. त्याला वाईट वाटू नये म्हणून लॅम्बने त्या कचेरीतल्या एका जुन्या इटालियन कारकुनाचे नाव उसने घेतले: एलिया. पुढे तो मुद्दाम त्या खऱ्या एलियाला भेटायला गेला, तुझे नाव मी चोरले म्हणून दोघे मिळून हसू, असे मनात धरून. तर कळले की तो क्षयाने वारला. त्याला अकरा महिने होऊन गेले होते.

एकदा हे नाव सापडल्यावर लॅम्बची लेखणी मोकळी सुटली. चिमण्या साफ करणारी काजळलेली पोरे, डुकराच्या भाजलेल्या मांसाचा शोध, जुने वकील, जुनी पुस्तके, पत्त्यांचा खेळ. घरची माणसेही आली, पण नावे बदलून. मेरीची झाली चुलत बहीण ब्रिजेट. भावाचा झाला चुलतभाऊ. १८२१च्या ऑक्टोबरात हा भाऊ वारला आणि पुढच्याच जानेवारीत एक निबंध छापून आला. त्यात एलिया आपल्या दोन मुलांना आजीच्या जुन्या वाड्याच्या आणि नुकत्याच गेलेल्या काकांच्या गोष्टी सांगतो. मुले जवळ सरकून ऐकत असतात, आणि शेवटी ती हळूहळू विरून जातात. कारण ती नसतातच. एलियाला डुलकी लागलेली असते. शेजारी ब्रिजेट तेवढी असते. हा निबंध मी दरवर्षी शिकवतो आणि दरवर्षी शेवटच्या परिच्छेदाला घसा साफ करावा लागतो.

आपल्याकडेही याच सुमाराचे एक उदाहरण आहे आणि तेही कंपनीच्याच राज्यातले. १८४८ साली मुंबईच्या ‘प्रभाकर’ पत्रात भाऊ महाजनांनी ‘लोकहितवादी’ या सहीची पत्रे छापायला सुरुवात केली. ती लिहिणारे गोपाळ हरि देशमुख सरकारी नोकरीत होते. लॅम्ब मायेने बोलतो आणि लोकहितवादी कान उपटतात, हा फरक आहेच. पण नोकरदार माणसाला आपल्याच लोकांविषयी खरे बोलायचे तर थोडा आडोसा लागतो, हे दोघांच्या बाबतीत सारखे.

स्कॉट गेल्यावर मासिकाचे काय? १८२१च्या उन्हाळ्यात ते टेलर आणि हेसी या प्रकाशकांनी विकत घेतले. कीट्सचे प्रकाशक ते हेच. टेलर स्वतःच संपादक झाला. मदतीला बावीस वर्षांचा टॉमस हूड. वाचकांच्या पत्रांना आणि नाकारलेल्या लेखकांना मासिकाच्या सुरुवातीच्या एका सदरातून गमतीदार उत्तरे देणे हे हूडचे आवडते काम. हाच हूड पुढे १८४३ साली, शिवणकाम करून डोळे फोडणाऱ्या गरीब बाईवरच्या एका कवितेने घराघरांत पोचला. तब्येतीने कायम पिडलेला. १८४५ साली गेला.

टेलर-हेसी लेखकांना महिन्यातून एकदा जेवायला बोलावत. त्या टेबलाभोवती बसणारी माणसे पाहा. लॅम्ब हा कारकून. ॲलन कनिंगहॅम हा मुळात गवंडी, पाथरवटाचे काम केलेला आणि आता एका मोठ्या शिल्पकाराच्या कारखान्यावरचा देखरेख्या. कॅरी हा धर्मोपदेशक, डांटेचा भाषांतरकार. आणि कधीमधी हिरवा कोट घालून बिचकत बसलेला जॉन क्लेअर, शेतमजूर.

त्यातच थॉमस डी क्विन्सी. सप्टेंबर आणि ऑक्टोबर १८२१ या दोन अंकांत त्याने आपल्या अफूच्या व्यसनाची कबुली लिहिली, सही न करता. शाळेतून पळालेला मुलगा, लंडनच्या रस्त्यांवरची उपासमार, त्याला जीव लावणारी आणि मग गर्दीत कायमची हरवलेली एक अनाथ मुलगी, आणि १८०४ साली दातदुखी-डोकेदुखीवर म्हणून घेतलेली पहिली अफू. तिथे त्या वेळी अफूचा अर्क कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळे. त्यावर कायद्याचा लगाम आला १८६८ साली. लोकांनी हे लेख अधाशासारखे वाचले. गंमत म्हणजे हा मजकूर आधी ‘ब्लॅकवुड्स’ला कबूल केला होता, तिथे बिनसले म्हणून तो इकडे आला. आणि १८२६ पासून हाच डी क्विन्सी पुन्हा ‘ब्लॅकवुड्स’मध्ये लिहू लागला. स्कॉटचे रक्त वाळून पाचच वर्षे झाली होती. त्याला दोष द्यावा की नाही, मला ठरवता येत नाही. घरात मुले, दारात सावकार, आणि छापील पानांवर मिळणारे पैसे हेच उत्पन्न. कर्जापायी एडिंबरोत होलीरूडच्या आवारात, जिथे कर्जदाराला पकडता येत नसे, तिथे त्याला आश्रय घ्यावा लागला. १८५९ पर्यंत तो जगला आणि अफू अखेरपर्यंत सुटली नाही.

हॅझलिटला आडोसा घेणे जमलेच नाही. चित्रकार व्हायला निघालेला हा माणूस. त्याने काढलेले लॅम्बचे चित्र आजही लंडनच्या राष्ट्रीय संग्रहात आहे. फ्रेंच राज्यक्रांतीवरची श्रद्धा त्याने कधी सोडली नाही, मित्रांनी सोडली तरी. ‘टेबल-टॉक’ या नावाने त्याचे निबंध पुस्तकरूपाने निघाले, त्यात एक भारतीय जादूगारांवर आहे. पितळेचे चार गोळे हवेत खेळवणारा आपला एक गारुडी लंडनमध्ये खेळ करीत होता. ते पाहून हॅझलिट म्हणतो, की इतके निर्दोष असे मला आयुष्यात काही करता येत नाही, माझ्या लिखाणात तर नाहीच. बेचाळिसाव्या वर्षी तो बिऱ्हाडाच्या मालकाच्या तरुण मुलीवर भाळला, बायकोशी काडीमोड घेतली, मुलीने नकार दिला, आणि या फजितीचे त्याने १८२३ साली पुस्तकच छापले. नाव घातले नाही. पण कोण ते ओळखायला कुणाला वेळ लागला नाही आणि विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळाले. १८३० साली सोहोतल्या एका खोलीत तो वारला. उशाशी लॅम्ब होता.

मघाशी म्हटलेला तरुण चित्रकार म्हणजे थॉमस ग्रिफिथ्स वेनराइट. मासिकात त्याची नावे तीन. त्यातले मुख्य ‘जेनस वेदरकॉक’. जेनस हा रोमन लोकांचा दोन तोंडांचा देव आणि वेदरकॉक म्हणजे छपरावरचा, वारा येईल तसा फिरणारा पत्र्याचा कोंबडा. छानछोकीचे कपडे, अंगठ्या, चित्रांवर आणि स्वतःवर नटवे लेखन. लॅम्बला तो फार आवडे. या गृहस्थाची वडिलोपार्जित रक्कम बँक ऑफ इंग्लंडमध्ये विश्वस्तांच्या नावे होती, त्याला केवळ व्याज मिळे. त्याने विश्वस्तांच्या खोट्या सह्या केल्या आणि मुद्दल, पाच हजारांहून अधिक पौंड, काढून घेतले. मासिकात गमतीसाठी दुसऱ्याचे नाव लावणारा हात बँकेच्या कागदावरही तेच करू लागला. पुढे त्याच्या घरात काका, सासू आणि तरुण मेव्हणी असे एकामागून एक मृत्यू झाले. मेव्हणीचा भारी रकमेचा विमा थोड्याच काळापूर्वी उतरवलेला होता. विषप्रयोगाचा संशय सगळ्यांना आला. शाबीत काही झाले नाही. १८३७ साली त्या खोट्या सह्यांबद्दल मात्र तो सापडला. शिक्षा जन्मठेपेची, टास्मानियात. आपल्या भाषेत काळे पाणी. होबार्टला कैदी म्हणून राहून त्याने गावातल्या प्रतिष्ठितांची चित्रे काढली आणि तिथेच १८४७ साली तो मेला.

आणि जॉन क्लेअर. त्याचा बाप मळणीवरचा मजूर. त्याच्या हेल्पस्टन गावातली गायराने आणि पडजमिनी १८०९च्या कायद्याने कुंपणात गेल्या, आणि जिथे तो गुरे राखत हिंडला तिथे जायची बंदी झाली. हे त्याच्या कवितेतले खरे दुःख. गायरानावरून तंटे पाहिलेल्या श्रोत्यांना ते समजावून सांगायला नको. १८२० साली टेलरने त्याचा पहिला संग्रह काढला. एका वर्षात चार आवृत्त्या. ‘शेतकरी कवी’ पाहायला गावी बग्ग्या येऊ लागल्या. त्याची सही खरी होती, नाव खरे होते, झोपडी खरी होती. लपायला काहीच नव्हते. मग लोकांना नवा छंद मिळाला. पुढची पुस्तके पडून राहिली, मुले वाढली, आणि १८३७ साली त्याला वेड्यांच्या इस्पितळात नेले. १८४१ साली तिथून निघून तो ऐंशी मैल चालत घरी आला, वाटेत रस्त्याकडेचे गवत खाऊन. लहानपणी जिच्यावर प्रेम केले ती मुलगी घरी भेटेल अशी त्याची समजूत. ती तीन वर्षांपूर्वीच मेली होती. त्या वर्षअखेरीस तो पुन्हा इस्पितळात गेला, आणि १८६४ साली मरेपर्यंत तिथेच राहिला. भेटायला येणाऱ्यांना कधी तो सांगे, मी लॉर्ड बायरन आहे. कधी सांगे, मी नामांकित मुष्टियोद्धा आहे.

मासिकाची भट्टी मोडली ती काही एका दिवसात नाही. टेलरला लेखकांच्या मजकुरात हात घालायची सवय, हॅझलिट चिडे. स्कॉटचा हात जाणवेनासा झाला. १८२५ साली टेलर-हेसींनी ते विकून टाकले. त्याच वर्षी मार्च महिन्यात लॅम्बला कंपनीने सालीना ४४१ पौंडांचे निवृत्तिवेतन देऊन मोकळे केले. पश्चात मेरीचीही सोय केली. त्याही अनुभवावर एलियाने लिहिले: रोज सुट्टी मिळू लागली की सुट्टीची चव कशी जाते यावर. १८३४च्या डिसेंबरात रस्त्यात ठेचकाळून तो पडला, चेहऱ्याला जखम झाली, आणि पाचव्या दिवशी गेला. मेरी पुढे बारा वर्षांहून थोडी अधिक जगली. १८४७ साली तिला एडमंटनला भावाशेजारी पुरले.

लॅम्बच्या घरात १७९६ साली काय घडले हे त्याच्या स्नेह्यांना माहीत होते. हॅझलिटला होते, कोलरिजला होते. ही माणसे एकमेकांविषयी छापून लिहायला कधी मागेपुढे पाहणारी नव्हती. तरी याबद्दल एकानेही छापील ओळ लिहिली नाही. मेरी गेल्यावर, १८४८ साली, लॅम्बचा मित्र आणि चरित्रकार टॅलफोर्ड याने ते जाहीर केले. तोपर्यंत सर्वसाधारण वाचकाला ब्रिजेट म्हणजे एलियाची चुलत बहीण, एवढेच ठाऊक होते.